तिवस्याचं इको मशीन

१२ नोव्हेंबर

आलो एकदाचे अमरावतीला! अकोल्याहून निघालेला टेम्पो दुपारी राजापेठेत पोचला. हमालाने पहिलंच खोकं उचललं आणि यात दगड भरलेत काय, असं विचारलं. दगड नव्हते, ट्रान्सफॉर्मर होते. प्रतीक्षा त्याला म्हणाली की दगडच समजा, घरात त्यांचा तेवढाच उपयोग आहे. लग्न झाल्यापासून ती माझ्या खोक्यांना 'तुमचं भंगार' म्हणते आणि मीही आता तेच म्हणायला लागलोय.

घर लहान आहे, पण झकास. खाली शटरचं दुकान, बाहेरून जिना, वर दोन खोल्या. मालक खुशालराव शेंदूरजनाघाटचे, संत्र्याच्या बागा आहेत त्यांच्या. किल्लीबरोबर त्यांनी टोपलीभर संत्री दिली. इथे शिकवणी वर्गांची इतकी गर्दी आहे की दुकानात कोणी नाही आलं तरी शटरसमोर मोटारसायकली रोज लागतील, असंही हसत सांगितलं. त्यातल्याच एका वर्गात प्रतीक्षाला गणित शिकवायची नोकरी लागली, म्हणून तर आम्ही इकडे आलो. तिला माइक लागत नाही. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणारं पोरगंही तिच्या आवाजाने सरळ बसतं.

माझं काम गिटारवाल्यांचं. त्यांचे अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेट्या, दुरुस्त करायचे आणि पेडल बनवायचे. पेडल म्हणजे त्यांच्या पायाखालची लोखंडी डबी. तिच्यावर पाय दिला की गिटारचा आवाज फाटतो, घुमतो नाहीतर लांबतो. त्यासाठी जुन्या रेडिओंतले जर्मेनियम ट्रान्झिस्टर लागतात. ते आता कोणी बनवत नाही, म्हणून मी रद्दीवाल्यांकडे वेचत फिरतो. वेड आहे, मान्य आहे.

१६ नोव्हेंबर

दुकान लावलं. पहिलं गिऱ्हाईक नितेश. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, अधूनमधून गातो आणि बोलतो सगळ्यात जास्त. त्याचा अ‍ॅम्प गुरगुरत होता. दोन कपॅसिटर फुगले होते, ते बदलले.

अ‍ॅम्प तयार झाला की बाकीचे लोक माइकवर 'हॅलो हॅलो' करतात. मी 'प्रतीक्षा' म्हणतो. यात रोमँटिक काही नाही. 'प्र'ला माइक फटफटतो का ते कळतं आणि 'क्षा'ला चरचरतो का तेही कळतं. एका शब्दात दोन्ही तपासण्या होतात. अकोल्याच्या दुकानातही हेच चालायचं आणि ती मागच्या खोलीतून दर वेळी 'ओ' द्यायची. मी तपासतोय हे तिला माहीत असतं, तरी देते. म्हणते, नवऱ्याने हाक मारली आणि बायको गप्प राहिली तर लोक म्हणतील भांडण झालं. आजही वरच्या खिडकीतून ओ आली. नितेश खूप हसला.

त्याला आवाज घुमवणारा इको हवाय, जुन्या ऑर्केस्ट्रांत असायचा तसा फितीचा. मिळाला तर त्याच्या सर्किटवरून मला पेडलही बनवता येईल. तिवस्याला शेषराव नावाचे एक मिस्त्री होते, सगळ्या जिल्ह्याचे लाउडस्पीकर दुरुस्त करायचे, असं त्याने सांगितलं. ते गेले, पण सामान अजून घरात पडून आहे म्हणे. हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

२१ नोव्हेंबर

तिवसा! आज मला स्वर्ग दाखवला कोणीतरी. शेषराव मिस्त्रींच्या पडवीत बिस्किटांचे डबे होते आणि डब्यांत ट्रान्झिस्टर, एकेक कागदात गुंडाळलेला. ट्रान्झिस्टरच्या पायांवरची धूळही पुसून ठेवणारे हे मिस्त्री मला जिवंतपणी भेटायला हवे होते.

घरात त्यांच्या पत्नी बेबीताई आणि सून पौर्णिमा. बोलणं सगळं पौर्णिमाचं. बेबीताई मान हलवायच्या, बोटाने दाखवायच्या. परक्या माणसाशी बोलत नसतील असं मी धरून चाललो. निघताना त्यांनी माझा हात धरला, आतल्या खोलीत नेलं आणि गोणपाटाखालच्या एका पेटीवर तो ठेवला. इको मशीन! लाकडी पेटी, आत फितीचा गोल फास, मुठीएवढी मोटर. पौर्णिमा लगेच म्हणाली की ते राहू द्या, ते बिघडलेलं आहे. मी म्हटलं, बिघडलेलंच तर हवंय. बेबीताई माझ्याकडे पाहून हसल्या. पौर्णिमा तडक आत निघून गेली.

२३ नोव्हेंबर

पेटी उघडली. समजायला सोपी आहे. फीत गोल फिरते. एक हेड बोललेलं फितीवर उमटवतं, पुढचं हेड ते क्षणभराने ऐकवतं आणि फेरी पूर्ण झाली की तिसरं हेड ते पुसतं, म्हणजे फीत पुन्हा कोरी. या मशीनचं पुसणारं हेड बंद होतं, कारण त्याची तार कापलेली होती. तुटलेली नाही, कापलेली. दोन्ही टोकांना नीट चिकटपट्टीही गुंडाळलेली. चालू केलं तर स्पीकरमधून नुसती कुजबुज यायची, एकावर एक चढलेली. पुसलं न गेलेलं जुनं काही असणार.

शेषराव मिस्त्रींसारख्या माणसाने तार का कापली असेल, हा विचार मनात आला. पण मला कापलेली तार दिसली की जोडल्याशिवाय राहवत नाही. जोडली. कुजबुज थांबली, मशीन स्वच्छ झालं. मी माइकवर 'प्रतीक्षा' म्हटलं. काय सुंदर घुमलं ते! ती जिन्यातच होती, तिथून तिने ओ दिली. माझी हाक विरत गेली. मग तिची ओ आली, पुन्हा आली, पुन्हा आली. माझी हाक थांबली तरी तिची ओ बराच वेळ येत राहिली. फीत जुनी आहे, बदलायला हवी.

२६ नोव्हेंबर

प्रतीक्षाचा घसा बसलाय. नवीन वर्ग, खडूची धूळ. हळदीचं दूध दिलं.

एक गंमत झाली. मी कोपऱ्यावर चहा घेऊन परत आलो तर ती दुकानात उभी, वैतागलेली. म्हणाली, सारख्या हाका मारता आणि खाली आलं की गायब होता. मी चहाला गेलो होतो, हे तिला पटेना. किती वेळा ओ दिली, असं तिने घोगऱ्या आवाजात सुनावलं. मशीन चालूच राहिलं होतं माझ्याकडून. फितीवरची जुनी हाक वाजली असेल, असं मी तिला समजावलं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की फीत प्रत्येक फेरीला पुसली जाते. जुनी हाक राहीलच कशी?

२९ नोव्हेंबर

घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आत सगळं ठीक आहे म्हणाले. सूज नाही, गाठ नाही. आवाजाला विश्रांती द्या. पण विश्रांतीने तो कमीच होतोय. सकाळी निदान खरखर होती, संध्याकाळी जेमतेम कुजबुज. वर्गातून रजा घेतली. नवीन माणसाला वर्ग किती दिवस रजा देणार, ही तिची काळजी. मला दुसरीच काळजी लागलीय.

दुपारी आम्ही दोघं वर जेवत होतो. मशीनची पिन मी स्वतः काढून ठेवली होती. खालून माझ्या आवाजात हाक आली, 'प्रतीक्षा'. मी घास हातात घेऊन तिच्यासमोर बसलेलो. आणि तिने, माझ्याकडे बघत, सवयीने ओ दिली.

ती ओ आधीच्या ओपेक्षा बारीक होती. मला भीती वाटली, आणि तिलाही वाटली.

१ डिसेंबर

फीत काढून जाळली. पेटीत आता फीत नाही, वीज नाही.

तरी हाक आली.

आम्ही ठरवलंय, मी तिला नावाने हाक मारायचीच नाही. टाळी वाजवायची. टाळी ऐकली तरच तिने वळायचं. नावाने हाक आली तर ओठ दाबून धरायचे. दिवसभर ती पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. पाच-सहा वेळा आली असेल हाक, आधी साधी, मग लाडाची, मग रागावलेली. मी तिच्यावर असा कधीही रागावलेलो नाही. तो स्वर त्याला कुठून मिळाला?

३ डिसेंबर

मी दूध घेऊन जिना चढत होतो. दुकानातून माझ्या आवाजात किंकाळी आली, शॉक बसलाय म्हणून, प्रतीक्षा धाव म्हणून. ती वरून धावत सुटली, उरल्यासुरल्या आवाजात 'ओ, आले, आले' ओरडत, आणि जिन्यात माझ्यावर आदळली. दूध सगळं सांडलं. ती माझा हात पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती, जळलाय का. काहीतरी विचारत होती.

नुसते ओठ हलत होते. आवाज संपला.

४ डिसेंबर

मशीन घेऊन तिवस्याला गेलो. परत करायचं, एवढंच डोक्यात होतं.

दार बेबीताईंनी उघडलं आणि मला 'या' म्हणाल्या. बोलल्या! इतकी वर्षं मुक्या होत्या, हे मला आज पौर्णिमाने सांगितलं. मशीनने नेला होता त्यांचा आवाज, मिस्त्रींच्या आवाजात हाका मारून. मिस्त्रींनी तार कापल्याने गेलेला आवाज परत आला नाही, पण पुढच्या हाका थांबल्या. मग मिस्त्री जन्मभर त्या पेटीला कान लावून बसायचे, बायकोची कुजबुज ऐकत. आता परवापासून सासूबाईंचा आवाज थोडा थोडा यायला लागला आणि काल एकदम मोकळा झाला. नवा माणूस आत गेला की आधीचा सुटतो.

पौर्णिमा माझ्याकडे बघून म्हणाली, "मामंजीनं तार कापली होती म्हून आमी बाकीचे वाचलो, भाऊ. तुमी जोडली कावून?"

बेबीताईंना विचारलं की तुम्ही जाणूनबुजून माझा हात त्या पेटीवर ठेवलात ना? त्या नाही म्हणाल्या नाहीत. "लई वर्सं झाले, मी माह्या नातवाले हाक नाही मारली," त्या म्हणाल्या. "मारू दे मले."

रागही नीट करता येईना. मशीन त्यांनी आत घेतलं नाही. एक गोष्ट मात्र खटकली. बोलताना त्यांचा शब्द आधी येत होता आणि ओठ मागून हलत होते. सवय मोडली असेल इतक्या वर्षांत. पौर्णिमा त्यांच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होती.

५ डिसेंबर

नितेश आला. इको तयार असेल तर आत्ताच नेतो म्हणाला, उद्या लग्न आहे, गाणंही म्हणायचंय. पेटीवर हात ठेवून उभा होता.

मी दिली असती. इथे खोटं लिहून काय उपयोग? तो गेला असता, त्याच्या बायकोने कुठूनतरी ओ दिली असती आणि माझी प्रतीक्षा बोलायला लागली असती. पेटी मी उचललीसुद्धा. प्रतीक्षा दारात येऊन उभी राहिली होती. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि पेटी माझ्या हातून काढून खाली ठेवली.

नितेशला सांगितलं की जळलं मशीन.

६ डिसेंबर

दुसरा कोणी नको, तर मी आहे. माझ्या कामाला हात लागतात, आवाज लागत नाही. तिचं सगळं काम आवाजाचं.

तिला भाजीला पाठवलं. शटर लावून पेटीला जोडलेल्या माइकसमोर बसलो, माझंच नाव घेतलं, 'मनोज', आणि मीच ओ दिली. पुन्हा घेतलं. पुन्हा दिली. प्रत्येक ओ बारीक होत गेली. शेवटी माइकमध्ये नुसता श्वास गेला, तरी मी ओठ हलवत राहिलो, काही उरायला नको म्हणून.

ती परत आली आणि जिन्यातूनच म्हणाली, अहो, वांगी मिळाली नाहीत.

मग पिशवी टाकून रडली. मीही रडलो, आवाज न करता. तिने रागाने माझ्या छातीवर बुक्क्या मारल्या आणि नावाने हाक मारली, मनोज, मनोज. मी टाळी वाजवून ओ दिली. आज मला फार बरं वाटतंय, हे लिहून ठेवतो.

उद्या तार कापणार. माझा आवाज आत राहील तर राहू दे.

७ डिसेंबर

पक्कड सापडत नाही. कापायची एकही वस्तू सापडत नाही, कात्रीही नाही. प्रतीक्षाला लिहून विचारलं. माहीत नाही म्हणाली.

ती वर्गावर जाऊन आली. एका मुलीने विचारलं म्हणे, मॅडम, तुमचं बोलणं व्हिडिओ अडकल्यासारखं का दिसतं. ती हसत सांगत होती.

मी पाहत होतो. शब्द आधी. ओठ मागून.

८ डिसेंबर

ती पाणी पीत होती. तांब्या तोंडाला लावलेला. घसा गिळताना दिसत होता.

आणि ती बोलत होती. की ते मशीन ठेवू या. तार कापू नका. तुमचा आवाज ऐकावासा वाटतो.

तांब्या खाली ठेवला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी जवळ गेलो. आवाज गोड हसला. चेहरा हसला नाही.

९ डिसेंबर

सकाळी ती माझी वही ओढून घेऊन लिहायला लागली. मुक्यासारखी. तोंडाने ती चहाचं विचारत होती, साखर किती, दूध किती. हात वेगळंच लिहीत होता. तिच्याच अक्षरात, या पानावर, इथे —

*तीन दिवसांपासून बोलते ती मी नाही. माझा आवाज आत गेला होता. परत आलं ते दुसरं काही आहे. पकडी, कात्र्या त्याने माझ्याकडून घरामागच्या विहिरीत टाकायला लावल्या. मला हे घशात नको. मी मुकी बरी.*

मी तिला धरून बसलो. तिच्या तोंडातून कोणीतरी म्हणालं, किती हो मायाळू तुम्ही.

उद्या नवी पक्कड आणतो. दुकान उघडलं की पहिली तीच —

१० डिसेंबर

पक्कड आणली. परत आलो तर —

शटर आतून बंद. ती आत आहे. मशीनही. तिला ते घशातून परत द्यायचंय. वेडी. परत दिलं की आतला माझा आवाज सुटून ते माझ्या घशात येईल — तिला कळलेलं नाही —

मी शटर बडवतोय. वर्ग सुटलाय, सगळ्या मोटारसायकली एकदम. लोक बघतात, जातात. ओरडायला आवाज नाही. मुका माणूस दार बडवतोय, एवढंच दिसतं त्यांना.

आत माझा आवाज तिला हाक मारतोय. लाडाने. प्रतीक्षा, माइकजवळ ये.

हे पान फाडून खालून सरकवतो.

प्रतीक्षा, ओ देऊ नकोस. आत बोलतो तो मी नाही. मी बाहेर आहे. तू दिलंस की ते माझ्या — दार उघड, मग दोघं मिळून तार —

दिली तिने. ओ दिली.

आत शांत आहे.

घशात गरम काहीतरी — आवाज. माझा आवाज आलाय. मी बोलत नाही. तोंड घट्ट मिटलंय, डाव्या हाताने दाबून धरलंय. तरी माझ्या आतून कोणी प्रेमाने म्हणतंय, घाबरू नको, मी आलो, दार उघड. आणि कडी — ती कडी काढते आहे — प्रतीक्षा, हा मी ना